रॉस बार्न्स : दहाव्या मोसमाअभावी

२ मे १८७६ रोजी सिनसिनाटीच्या मैदानावर शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज संघाच्या सेकंड बेसमनने चेरोकी फिशर या पिचरचा चेंडू असा टोलवला की, क्षेत्ररक्षकांनी तो परत आणेपर्यंत फलंदाज चारही बेस धावून घरी पोहोचला होता. नॅशनल लीगच्या इतिहासातील तो पहिला होमरन. चेंडू कुंपणापलीकडे गेला नव्हता. धाव पायांनी काढली होती. त्या फलंदाजाचे नाव रॉस बार्न्स. त्या मोसमात त्याने दुसरा होमरन मारला नाही आणि त्याला तशी गरजही भासली नाही. त्याची त्या वर्षीची सरासरी ०.४२९ होती. दुसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाची, म्हणजे जॉर्ज हॉलची, ०.३६६.

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा अधिकृत किताब असता, तर तो कोणाला मिळाला असता याविषयी आज कोणी वाद घालत नाही. परंतु तसा किताब नव्हता. मोटारगाड्या बनवणाऱ्या चाल्मर्स कंपनीने सर्वाधिक मोलाच्या खेळाडूला गाडी देण्याची प्रथा १९११ मध्ये सुरू केली आणि ती १९१४ मध्ये थांबली. वृत्तपत्रांच्या बेसबॉल लेखकांच्या संघटनेचा आजचा पुरस्कार १९३१ पासूनचा. त्यापूर्वीच्या साऱ्या मोसमांचे नायक मागाहून निवडावे लागतात. जुनी वृत्तपत्रे, पिवळी पडलेली धावफलकांची कात्रणे आणि आकडेमोड यांच्या आधारे बेसबॉलचे अभ्यासक गेली कित्येक दशके हा उद्योग करीत आले आहेत. व्यावसायिक बेसबॉलच्या पहिल्या सहा मोसमांसाठी हा खटला उभा राहिला की, बार्न्सचे नाव दर वेळी पटलावर येते. आणि तरीही कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरात त्याची कांस्य पाटी नाही.

चार्ल्स रॉस्को बार्न्सचा जन्म ८ मे १८५० रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस या गावी झाला. कुटुंब पुढे इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे स्थायिक झाले. यादवी युद्ध संपताच बेसबॉलची लाट अमेरिकेतील गावोगावी पोहोचली होती, आणि रॉकफर्डमध्ये फॉरेस्ट सिटी नावाचा संघ उभा राहिला होता. त्या संघात जवळपास एकाच वयाची दोन मुले शिरली. एक बार्न्स आणि दुसरा अल्बर्ट स्पाल्डिंग, ज्याचे आडनाव आजही चेंडूंवर छापलेले दिसते. स्पाल्डिंग पिचर होता, बार्न्स शॉर्टस्टॉप.

जुलै १८६७ मध्ये वॉशिंग्टनचा नॅशनल्स हा नामांकित संघ पश्चिमेच्या दौऱ्यावर निघाला. वाटेत भेटेल त्या संघाचा तो फडशा पाडत होता. शिकागोत रॉकफर्डच्या पोरसवदा खेळाडूंनी त्याला २९ विरुद्ध २३ असे हरवले. त्या दौऱ्यातील नॅशनल्सचा हा एकमेव पराभव. समोरच्या संघात जॉर्ज राइट हा त्या काळातील सर्वांत गाजलेला शॉर्टस्टॉप होता. चार वर्षांनी हाच राइट आणि बार्न्स एकाच संघात शेजारीशेजारी उभे राहणार होते.

ते घडवून आणले जॉर्जचा थोरला भाऊ हॅरी राइट याने. हॅरी मूळचा इंग्लंडमधील शेफिल्डचा, क्रिकेटच्या घरातला. वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते आणि हॅरी स्वतःही तेथे क्रिकेट खेळलेला. १८६९ मध्ये त्याने सिनसिनाटीत उघडपणे पगार घेणारा पहिला बेसबॉल संघ बांधला होता. १८७१ साली नॅशनल असोसिएशन ही व्यावसायिक खेळाडूंची पहिली लीग सुरू झाली, तेव्हा हॅरी बॉस्टनला नवा रेड स्टॉकिंग्ज संघ उभारत होता. रॉकफर्डमधून त्याने स्पाल्डिंग, बार्न्स आणि फ्रेड कोन या तिघांना उचलले. बार्न्सला त्याने सेकंड बेसवर ठेवले.

तो खेळ आजच्या बेसबॉलपेक्षा बराच वेगळा होता. पिचर पंचेचाळीस फुटांवरून, हात खांद्याच्या वर न नेता, खालून चेंडू टाकत असे. चेंडू उंच हवा की खाली, हे फलंदाज आधी सांगू शके. हातमोजे कोणी घालत नसे. बोटे मोडणे हा धंद्याचाच भाग होता. सामन्यात वीस-वीस धावा होत आणि चुकाही डझनांनी होत. उघड्या पंजांनी चेंडू अडवणाऱ्यांचे मोल त्यामुळेच फार होते, आणि बार्न्स त्यात अग्रेसर होता. आज त्याची फलंदाजी आठवली जाते. समकालीनांना त्याचे क्षेत्ररक्षणही तितकेच थोर वाटत असे.

फलंदाजीत त्याचे खास अस्त्र एक होते. त्या वेळच्या नियमानुसार चेंडू आधी मैदानाच्या वैध रेषांच्या आत टप्पा घेऊन मग पहिल्या वा तिसऱ्या बेसच्या अलीकडेच बाहेर गेला, तरी तो चालू मानला जाई. डिकी पिअर्स या खेळाडूने या नियमाचा उपयोग करण्याची युक्ती शोधली, असे मानतात. बार्न्सने तिची कला केली. बॅट तिरकी करून तो चेंडू घराच्या पाटीपुढेच जमिनीवर आपटवी आणि चेंडू गरगरत तिसऱ्या बेसच्या बाहेर, प्रेक्षकांच्या दिशेने पळत सुटे. क्षेत्ररक्षक त्याच्यामागे धावेपर्यंत बार्न्स पहिल्या बेसवर, कधी दुसऱ्यावरही पोहोचलेला असे. क्रिकेट पाहत वाढलेल्या डोळ्यांना हा फटका सहज समजेल. स्लिपमधून निसटणाऱ्या लेट कटचा तो दूरचा भाऊबंद आहे. अडवायचा तर तिसऱ्या बेसचा खेळाडू रेषेला चिकटून उभा करावा लागे, आणि तसे केले की मैदानात भलेमोठे भगदाड पडे, ज्यातून बार्न्स सरळ फटका काढी.

१८७१ च्या मोसमात त्याची सरासरी ०.४०१ होती. ३१ सामन्यांत ६६ धावा, लीगमध्ये सर्वाधिक. मात्र त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या लेव्ही मायरलीने २६ सामन्यांत ०.४९२ ही सरासरी गाठली. मागाहून निवड करणाऱ्यांची खरी परीक्षा येथेच होते. नुसता फलंदाजीचा तक्ता पाहणारा मायरलीची निवड करील. पण मायरली क्षेत्ररक्षणात कच्चा होता, आणि सव्वीस सामने म्हणजे आजच्या मोसमाचा पहिला महिनासुद्धा पुरता होत नाही. इतक्या थोड्या डावांत नशीब आणि कौशल्य यांचा हिशेब वेगळा करता येत नाही. लीगचे विजेतेपदही फिलाडेल्फियाला गेले होते, हा मायरलीच्या बाजूचा मुद्दा. १८७१ चे उत्तर खुले ठेवणेच प्रामाणिकपणाचे.

पुढच्या दोन वर्षांत मात्र शंकेला फारशी जागा उरत नाही. १८७२ आणि १८७३ या दोन्ही मोसमांत बार्न्स ०.४३० च्या आसपासच्या सरासरीने अव्वल ठरला. १८७३ मध्ये त्याने ६० सामन्यांत १२५ धावा काढल्या, म्हणजे दर सामन्याला दोनहून अधिक वेळा तो घरी पोहोचला. ही सरासरी वेगवेगळ्या ग्रंथांत दोन-चार सहस्रांशांनी वेगळी दिसते, आणि याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. नॅशनल असोसिएशनची अधिकृत आकडेवारी नीट जपली गेलीच नाही. ती नंतरच्या पिढ्यांनी वृत्तपत्रांतील एकेका सामन्याच्या बॉक्स स्कोअरवरून हाताने पुन्हा जुळवली. त्या बॉक्स स्कोअरला त्याचे रूप देणारा हेन्री चॅडविक हा वार्ताहर इंग्लंडमधील एक्झेटरचा, क्रिकेटच्या धावफलकावर पोसलेला माणूस. त्याने चौकटीत मांडलेल्या आकड्यांमुळेच दीडशे वर्षांनंतरही हा खटला चालवता येतो.

बॉस्टनने १८७२ ते १८७५ अशी लागोपाठ चार विजेतेपदे मिळवली. १८७४ च्या उन्हाळ्यात मोसम मध्येच थांबवून बॉस्टन आणि फिलाडेल्फियाचे ॲथलेटिक्स हे दोन संघ बोटीने इंग्लंडला गेले. अमेरिकेचा खेळ इंग्रजांना दाखवावा, हा हेतू. लॉर्ड्सच्या मैदानावर बेसबॉल खेळला गेला. इंग्रज प्रेक्षकांना तो फारसा भावला नाही. पण पाहुण्यांनी यजमानांशी क्रिकेटही खेळले आणि आपले अठरा गडी उतरवण्याच्या सवलतीवर का होईना, एकही सामना गमावला नाही. बार्न्स या दौऱ्यात होता. त्या मोसमात त्याची सरासरी ०.३४० वर उतरली होती. इतरांसाठी ती शिखर ठरली असती.

१८७५ मध्ये बॉस्टनने ७१ सामने जिंकले आणि अवघे ८ गमावले. लीगचे सर्वोच्च सरासरीचे स्थान संघातीलच डीकन व्हाइटने ०.३६७ ने घेतले, बार्न्स ०.३६४ वर राहिला, पण हिट आणि धावा यांत तोच पुढे होता. स्पाल्डिंगने एकट्याने ५४ विजय नोंदवले. मग या संघातला सर्वश्रेष्ठ कोण? पिचरच्या नावापुढील विजयात सेकंड बेसमनने अडवलेले चेंडू किती आणि यष्टिरक्षकासारखे काम करणाऱ्या व्हाइटची झळ किती, हे वेगळे काढण्याची साधने त्या काळी नव्हती. आजची प्रगत सूत्रेही तेथे चाचपडतात, कारण उघड्या हातांच्या त्या खेळात फलंदाजाला बाद करण्याचे श्रेय आज असते त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात क्षेत्ररक्षकांचे होते.

त्याच उन्हाळ्यात या खेळाडूंच्या आयुष्यातील मोठे वळण आले. शिकागो संघाचा सूत्रधार विल्यम हल्बर्ट याने मोसम चालू असतानाच स्पाल्डिंग, बार्न्स, व्हाइट आणि कॅल मॅकव्ही या चौघांशी पुढील वर्षाचे करार गुपचूप करून घेतले. असोसिएशनच्या नियमांना ते धरून नव्हते. जुलैमध्ये बातमी फुटली. यादवी युद्धाच्या आठवणी ताज्या असलेल्या बॉस्टनमध्ये या चौघांना फुटीर म्हणून हिणवले गेले. तरीही त्यांनी उरलेला मोसम त्याच संघासाठी जिंकून दिला. कारवाई होण्यापूर्वीच हल्बर्टने डाव उलटवला. २ फेब्रुवारी १८७६ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल हॉटेलात त्याने नॅशनल लीग स्थापन केली, जी आजही चालू आहे. असोसिएशन तेथेच संपली.

नव्या लीगच्या पहिल्या मोसमात शिकागोने ५२ सामने जिंकले, १४ हरले. बार्न्सने ६६ सामन्यांत १३८ हिट आणि १२६ धावा केल्या. धावांत त्याच्या खालोखाल असलेला जॉर्ज राइट ७२ वर होता. सरासरी, हिट, धावा, वॉक अशा एकेक रकान्यात पहिले नाव त्याचेच. एक गमतीची गोष्ट मात्र सांगायला हवी. १८७६ च्या नियमानुसार वॉक मिळाला तरी ती फलंदाजाची एक संधी वाया गेली, असे धरले जाई. बार्न्सला २० वॉक मिळाले होते. ते धरून ३४२ संधींत १३८ हिट, म्हणजे सरासरी ०.४०४, ते वगळून ३२२ संधींत ०.४२९. पहिला आकडा त्याच्या हयातीतला, दुसरा मागाहून दिलेला. पहिला स्थान मात्र दोन्ही हिशेबांत त्याचाच राहतो.

१८७७ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. नियम बदलला: बेसच्या अलीकडे बाहेर गेलेला चेंडू आता फाउल ठरू लागला, आणि बार्न्सचा हुकमी फटका एका रात्रीत निरुपयोगी झाला. त्याच मोसमाच्या आरंभी त्याला हिवतापासारख्या दीर्घ आजाराने गाठले. अवघे २२ सामने तो खेळला, सरासरी ०.२७२. आदल्या वर्षीचा विजेता शिकागो संघ सहा संघांत पाचवा आला. आजारपणाच्या महिन्यांचा पगार संघाने नाकारला. बार्न्स न्यायालयात गेला आणि हरला. खेळाडू आजारी पडला तर वेतन कोणाच्या गळ्यात, या प्रश्नावर एका व्यावसायिक खेळाडूने मालकाला कोर्टात खेचण्याची ही फार सुरुवातीची घटना. भक्कम कराराविना काम करण्याची किंमत काय असते, हे त्याने सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी अनुभवले.

बार्न्सच्या घसरणीचे कारण नियमबदल, हे मत पुढे इतके रुळले की, आजार विसरलाच गेला. एका पळवाटेवर जगलेला, पळवाट बंद होताच संपलेला फलंदाज, अशी त्याची प्रतिमा झाली. ही प्रतिमा अन्यायाची आहे. नियम आणि ताप एकाच वर्षी आल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे आकड्यांवरून ठरवता येत नाही. शिवाय तो नियम सर्वांसाठी खुला होता. सगळे फलंदाज तो फटका मारू शकत होते. बार्न्ससारखा कोणी मारला नाही. आणि फटक्याच्या बंदीने त्याचे क्षेत्ररक्षण व धावणे का मंदावले, याचे उत्तर नियमपुस्तिकेत सापडत नाही, तापात सापडते.

१८७८ मध्ये तो कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, लंडन शहराच्या टेकमसेज संघाकडून खेळला. १८७९ मध्ये सिनसिनाटीकडून खेळला. ७७ सामने, ०.२६६. एक वर्षाच्या खंडानंतर १८८१ मध्ये बॉस्टनने त्याला पुन्हा बोलावले. जुन्या गावात ६९ सामने, ०.२७१. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. १८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून काढलेल्या प्लेयर्स लीगमध्ये तो काही काळ पंच होता. उरलेले आयुष्य शिकागोत कचेरीच्या नोकऱ्यांत गेले. स्पाल्डिंग तोवर क्रीडासाहित्याचा सम्राट झाला होता. ५ फेब्रुवारी १९१५ रोजी बार्न्सचे शिकागोत निधन झाले. वय ६४. दफन रॉकफर्डला.

कीर्तिमंदिराची निवड १९३६ मध्ये सुरू झाली. एकोणिसाव्या शतकातील खेळाडूंसाठी ७८ जुन्या जाणकारांचे वेगळे मतदान घेतले गेले, आणि एकालाही आवश्यक तीन-चतुर्थांश मते मिळाली नाहीत. ज्यांनी बार्न्सला प्रत्यक्ष खेळताना पाहिले होते, असे लोकच तोवर फारसे उरले नव्हते. पुढे समित्यांनी एकेकाला आत घेतले. जॉर्ज राइट १९३७, चॅडविक १९३८, स्पाल्डिंग १९३९, हॅरी राइट १९५३, हल्बर्ट १९९५. डीकन व्हाइटची पाटी २०१३ मध्ये लागली, त्याच्या मृत्यूनंतर ७४ वर्षांनी.

बार्न्सच्या आड एक नियम आला. खेळाडू म्हणून निवड व्हायची तर किमान दहा मोसम खेळलेले असले पाहिजेत. बार्न्सचे नऊ भरतात : असोसिएशनचे पाच, नॅशनल लीगचे चार. कॅनडातला मोसम धरत नाहीत. त्यातही आणखी एक ग्यानबाची मेख आहे. १९६८ मध्ये जुन्या विक्रमांची शहानिशा करण्यासाठी नेमलेल्या खास समितीने नॅशनल असोसिएशनला प्रमुख लीगचा दर्जाच नाकारला; वेळापत्रक आणि कारभार विस्कळीत होता, हे कारण. ते खोटे नव्हते. दहा डॉलर भरून कोणीही संघ त्यात शिरत असे आणि काही संघ मोसम अर्धा टाकून गायब होत. पण त्याच समितीने १८८४ च्या एका मोसमात कोसळलेल्या युनियन असोसिएशनला मात्र प्रमुख मानले. देशातील जवळजवळ सर्व उत्तम खेळाडू जिथे होते, ती लीग बाहेर आणि ते जिथे नव्हते, ती आत. या न्यायाने बार्न्सचे मोसम नऊवरून चारवर येतात आणि त्याची सर्वोत्तम वर्षे कागदावरून पुसली जातात.

नियम कधी वाकत नाही, असेही नाही. क्लीव्हलँडचा पिचर ॲडी जॉस नऊ मोसम खेळून १९११ मध्ये ऐन उमेदीत वारला. त्याच्यासाठी दहा वर्षांची अट शिथिल करून १९७८ मध्ये त्याला कीर्तिमंदिरात घेतले. स्पाल्डिंगचे मोसमही दहा नव्हते. तो संघटक म्हणून आत गेला. मृत्यूने तोडलेली कारकीर्द ग्राह्य आणि आजाराने मोडलेली अग्राह्य, हा भेद समजावून सांगणे कठीण आहे. विक्रमांची दारे पुन्हा उघडतात, हेही अलीकडे दिसले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगना प्रमुख दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी मुख्य विक्रमांत सामील केली. १९६८ च्या समितीने त्या लीगचा विचारही केला नव्हता. असोसिएशनबाबतचा तिचा निर्णय मात्र अजून कायम आहे.

अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेची एकोणिसाव्या शतकाचा अभ्यास करणारी शाखा दर वर्षी त्या काळातील एका उपेक्षित खेळाडूची निवड करते. २०१३ मध्ये, जुना सहकारी डीकन व्हाइट कूपर्सटाउनला पोहोचला त्याच वर्षी, तिने रॉस बार्न्सला निवडले. त्याच्या नावावर एकूण ४९९ सामने आहेत.